छोट्या कंपनीचा शेअर घेण्याआधी तो उद्या कोण घेईल ते बघा

वणीजवळच्या एका गावातून आलेला हा प्रश्न. शेती कोळसा खाणीत गेली, मोबदला खात्यात जमा झाला. घराचं बांधकाम, पोरांचं शिक्षण आणि दुसरीकडे घ्यायचं वावर यांची तजवीज करून आठ लाख रुपये उरले आहेत. ते छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये टाकायचा विचार आहे. डोळ्यासमोर दोन वाटा आहेत. मुंबई शेअर बाजारावर दोन-पाच रुपयांना मिळणारे, पण ज्यात सौदे क्वचितच होतात असे शेअर, ही पहिली. नागपूरचा एक एजंट अजून बाजारातच न आलेल्या कंपनीचे शेअर ‘आयपीओच्या आधी’, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअर विक्रीच्या आधी, मिळवून देतो म्हणतो, ही दुसरी. पुतण्याला अमेरिकेतल्या ओटीसी, म्हणजे एक्सचेंजबाहेर विकल्या जाणाऱ्या, शेअरची माहिती हवी आहे. आणि जाता जाता विचारलंय, की वडिलांच्या नावावर शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअर आहेत, ते विकता येतील का?

भाऊ, मी याच पट्ट्यात बरीच वर्षं शेअर दलालीचं काम करतो. कापसाचा चुकारा, वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून) निवृत्त होणाऱ्यांची ग्रॅच्युइटी, जमिनीचा मोबदला, असा एकरकमी पैसा गावात आला की त्याच्या मागोमाग माणसंही येतात, हे मी दर हंगामात पाहतो. म्हणून सविस्तर लिहितो. छोट्या कंपन्यांना माझा विरोध नाही. चांगल्या छोट्या कंपन्या असतात आणि त्यांतून पैसाही होतो. पण ज्या शेअरमध्ये सौदे कमी होतात, त्यात ‘काय भावानं मिळेल’ यापेक्षा ‘माझ्याकडून कोण घेईल, किती घेईल आणि किती दिवसांत घेईल’ हा प्रश्न मोठा असतो. तुमच्या प्रश्नात खरेदीबद्दल सगळं आहे, विकण्याबद्दल एक ओळ नाही. मी तिथूनच सुरू करतो.

तुम्ही कापूस विकलेला आहे, त्यामुळे हे लगेच समजेल. हिंगणघाटच्या किंवा वणीच्या बाजार समितीत दहा व्यापारी बोली लावत असतात तेव्हा भाव हा खरा भाव असतो. खेडा खरेदीला गावात एकच गाडी येते तेव्हा गाडीवाला म्हणेल तो भाव. आणि गाडी आलीच नाही तर घरातल्या कापसाला त्या दिवशी भावच नसतो, पेपरात काहीही छापलेलं असो. कमी सौद्यांच्या शेअरचं असंच आहे. स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. तो सौदा काल झाला असेल, चार दिवसांपूर्वी झाला असेल, कदाचित दहाच शेअरचा असेल.

आकड्यांत बघू. समजा एका कंपनीचा शेवटचा भाव ३८ रुपये दिसतो. खरेदी-विक्रीच्या बोल्या उघडून पाहिल्या तर सर्वांत चांगला खरेदीदार ३६.२० ला आहे आणि तोही २०० शेअरचाच. विकणारा ३९.८० ला १५० शेअर, त्याच्या वर ४१.१० ला ३५०, मग ४३ ला ५००. तुम्ही ॲपवर ‘मार्केट’ ऑर्डर, म्हणजे समोर असेल त्या भावानं घेण्याची ऑर्डर, टाकून हजार शेअर घेतले तर हे तिन्ही विक्रेते संपतील आणि तुमची सरासरी खरेदी पडेल ४१.८५ च्या आसपास. तुमच्या मनात ३८ होते. आणि त्याच क्षणी विकायचं ठरवलं तर पहिल्या दोनशेंना ३६.२०, बाकीच्यांना त्याहून कमी. कंपनीत काहीही वाईट घडलेलं नाही, तरी शेकडा तेरा-साडेतेरा गेले. म्हणून अशा शेअरमध्ये मार्केट ऑर्डर कधीच टाकायची नाही. लिमिट ऑर्डर टाकायची, आपला भाव लिहायचा, मिळाला तर घ्यायचा, नाही तर उद्या परत. हजार शेअर घ्यायला दोन आठवडे लागले तरी लागू द्या. घाई करणाऱ्याकडूनच समोरचा जास्त घेतो.

आता किती घ्यायचे ते. यासाठी मी एक हिशेब करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो. गेल्या तीन महिन्यांत त्या शेअरचे दिवसाला सरासरी किती नग हातबदल झाले ते काढा. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर रोजचे जुने आकडे फुकट मिळतात. समजा सरासरी ४,००० निघाली. तुम्ही एकट्यानं त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ८०० शेअर दिवसाला विकले तर भाव फारसा हलणार नाही असं धरू. मग दहा हजार शेअर घेतले असतील तर विकायला साडेबारा दिवस लागतील, म्हणजे सुट्ट्या धरून जवळपास तीन आठवडे. हे झालं चांगल्या काळातलं. बाजार पडतो तेव्हा अशा शेअरमधली उलाढाल आटून दहाव्या हिश्श्यावर येते. तेव्हा तेच दहा हजार शेअर विकायला सहा महिने. तेवढी कळ सोसणार असाल तरच तेवढे घ्या. सरासरी काढताना एक काळजी घ्या: एखाद्याच दिवशी लाखभर शेअरचा सौदा झाला असेल तर तो दिवस वगळा, नाहीतर आकडा फसवा येतो.

त्यात सर्किटची भर आहे. अशा शेअरला दिवसाची वर-खाली जाण्याची मर्यादा असते, २०, १०, ५ किंवा २ टक्के. भाव खालच्या मर्यादेला टेकला की फक्त विकणारे रांगेत उभे असतात, घेणारा नसतो. पाच टक्क्यांच्या सर्किटनं शेअर सलग दहा दिवस खाली गेला तर चाळीस टक्के जातात आणि या दहा दिवसांत तुमचा एकही शेअर विकला जाईल याची खात्री नसते. ‘मी स्टॉपलॉस लावून ठेवतो’ असं पोरं सांगतात. स्टॉपलॉस ही भाव ठरवलेल्या आकड्यापर्यंत उतरला की विकण्याची फक्त ऑर्डर असते. समोर घेणारा नसेल तर तीही रांगेतच उभी राहते.

बाजार स्वतःही इशारे देतो, पण ते वाचणारे कमी. बीएसईवर, म्हणजे मुंबई शेअर बाजारावर, शेअरच्या नावापुढे गट लिहिलेला असतो. ‘टी’ किंवा ‘एक्सटी’ असेल तर त्यात आज घेऊन आजच विकता येत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावीच लागते. ‘झेड’ असेल तर कंपनीनं बाजाराचे नियम पाळलेले नाहीत, तिथे पाऊलच ठेवू नका. याशिवाय जीएसएम आणि ईएसएम अशा देखरेखीच्या याद्या आहेत. ईएसएम २०२३ पासून मुद्दाम छोट्या कंपन्यांसाठी आणली आहे. या याद्यांत नाव आलं की सर्किट अरुंद होतं, वरच्या टप्प्याला तर दिवसभर चालणारा बाजार बंद होऊन ठराविक वेळेच्या लिलावातच सौदे होतात. म्हणजे आधीच चिंचोळी असलेली वाट आणखी अरुंद. यादी रोज अद्ययावत होते. खरेदीच्या दिवशी सकाळी तपासा.

आता त्या ‘दोन रुपयांच्या’ मोहाबद्दल. शेअर दोन रुपयांचा आहे म्हणून स्वस्त नसतो. कंपनीचे शंभर कोटी शेअर असतील तर दोन रुपये भावानं बाजार त्या कंपनीची किंमत दोनशे कोटी धरतोय. शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, हा गुणाकार आधी करा. मग वर्षाचा नफा बघा. दोनशे कोटींच्या कंपनीला चाळीस लाख नफा असेल तर ती फार महाग आहे, भाव दोन रुपये असो की दोन हजार.

एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं उदाहरण हे एजंट लोक हमखास देतात, म्हणून ते नीट समजून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ ला या शेअरचा भाव एका दिवसात ३ रुपये ५३ पैशांवरून २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी साडेतीन रुपयांना घेऊन लाखो कमावले. प्रत्यक्षात या कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत आणि प्रत्येक शेअरमागे मालमत्ता काही लाख रुपयांची होती. त्यामुळे साडेतीन रुपयांना विकायला कोणीच तयार नव्हतं, सौदे जवळपास होतच नव्हते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भावमर्यादा नसलेला खास लिलाव ठेवला तेव्हा खरा भाव समोर आला. त्या दिवसापर्यंत साडेतीन रुपये हा स्क्रीनवरचा एक आकडा होता. ‘पुढचा एल्सिड’ म्हणून कोणी काही विकत असेल तर एवढंच विचारा: एवढं मोलाचं असेल तर या भावानं विकतो काहून?

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, घुग्घूसचं. लॉईड्स मेटल्सचा शेअर २०२० साली वीस रुपयांच्या आत होता आणि २०२५ मध्ये हजारावर गेला. चंद्रपूर-वणी पट्ट्यात हे सगळ्यांना पाठ आहे, आणि तुमच्या मनातल्या विचाराच्या मागे तेच असणार असं मला वाटतं. पण सांगणारे मधला भाग गाळतात. घुग्घूसचा स्पंज आयर्नचा कारखाना वर्षानुवर्षं तिथेच होता, गडचिरोलीतल्या सुरजागडच्या खाणीचा पट्टाही कंपनीकडे होता, तरी शेअर हलत नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला नक्षलवाद्यांनी लोहखनिज वाहणारी कितीतरी वाहनं जाळली. खाण सुरू होईल की नाही हेच ठरत नव्हतं. २०२१ नंतर खनिज नियमित निघायला लागलं, कंपनीचा नफा बदलला आणि मग भाव बदलला. भाव कमी होता म्हणून पैसा झाला नाही, खाण चालली म्हणून झाला. ज्यांना झाला त्यांनी मधली कोरडी वर्षं शेअर धरून ठेवला होता. त्याच काळात वीस रुपयांच्या आत असलेल्या बाकीच्या असंख्य शेअरची आज कोणी गोष्ट सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही.

कमी सौद्यांच्या शेअरमध्ये भाव चढवणं सोपं असतं, हेही स्पष्ट सांगतो. चार-पाच खाती आपसांतच घेतात-विकतात, उलाढाल वाढलेली दिसते, रोज अपर सर्किट लागतं. मग टेलिग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूबवर ‘बातमी’ येते. बाहेरचे लोक घ्यायला धावतात आणि आधी घेऊन बसलेले त्यांच्या गळ्यात माल घालून निघून जातात. मार्च २०२३ मध्ये सेबीनं साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या दोन शेअरमधल्या अशाच प्रकारांवर आदेश काढले. त्यात यूट्यूबवरच्या खोट्या व्हिडिओंनी भाव चढवून शेअर विकल्याचा ठपका होता. तुमच्या मोबाइलवर एखाद्या अनोळखी छोट्या शेअरची टीप आपणहून आली असेल तर ती टीप म्हणजेच तो शेअर न घेण्याचं कारण समजा. माल विकायचा असल्याशिवाय वणीतल्या शेतकऱ्यापर्यंत कोणी एवढ्या लांबून पोहोचत नाही.

मग घ्यायचा कोणता? इथे आपल्याकडे मुंबईकरापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. बुटीबोरी, हिंगणा, ताडाळी या औद्योगिक वसाहती आपल्या टप्प्यात आहेत. ज्या छोट्या कंपनीचा शेअर घ्यायचा तिचा कारखाना जाऊन बघता येतो. फाटकातून ट्रक भरून निघतात की रिकामेच उभे असतात, पाळ्या किती चालतात, पगार वेळेवर होतो का, कच्चा माल देणाऱ्या माणसाचे पैसे किती दिवस थकतात, हे चहाच्या टपरीवर कळतं. हे सगळ्यांना दिसणारं आहे, त्यावरून मत बनवण्यात काही गैर नाही. मात्र कंपनीतल्या हिशेबनिसानं तिमाहीचा नफा जाहीर होण्याआधी तुमच्या कानात सांगितला आणि त्यावर तुम्ही सौदा केलात तर तो सेबीच्या नियमांनुसार गुन्हा आहे.

टपरीवरची माहिती कागदाशी जुळवा. वार्षिक अहवाल फुकट मिळतो आणि त्यात मी सगळ्यात आधी नफा बघत नाही, रोकड बघतो. व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड सलग काही वर्षं नफ्याच्या आसपास आहे का? नफा दिसतो पण रोकड येत नाही आणि येणी फुगत जातात, तर विक्री कागदावरच असण्याची शक्यता असते. मग प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचा, हिस्सा: तो दर तिमाहीला जाहीर होतो. भाव चढत असताना प्रवर्तकच विकत असतील तर आपण घ्यायचं कारण काय? त्यांनी शेअर गहाण ठेवलेत का तेही तिथेच दिसतं. प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांना दिलेली कर्जं बघा. आणि ऑडिटरचं पत्र शब्द न् शब्द वाचा. ऑडिटर मुदतीआधी राजीनामा देऊन गेला असेल तर मी तो अहवाल तिथेच मिटतो. इंग्रजी अवघड वाटत असेल तर गावातल्या बी.कॉम. झालेल्या पोराला शेजारी बसवा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय लाख रुपये टाकू नयेत.

एसएमई, म्हणजे लघु-मध्यम कंपन्यांच्या, शेअरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एजंट आज ना उद्या तिकडे वळवेलच. छोट्या कंपन्यांसाठी बीएसई आणि एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) दोघांनी २०१२ मध्ये वेगळे मंच सुरू केले. तिथे शेअर सुटा मिळत नाही, लॉटनं, म्हणजे ठराविक संख्येच्या गठ्ठ्यानं मिळतो, आणि अर्जाची रक्कम आता दोन लाखांच्या वर गेली आहे. लिस्टिंगनंतर, म्हणजे शेअर बाजारात दाखल झाल्यावर, तीन वर्षं मार्केट मेकर म्हणून एका दलालाला दोन्ही बाजूंनी भाव द्यावा लागतो, हा आधार आहे खरा, पण तो पडता भाव थांबवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीत दोन मोटारसायकल शोरूम चालवणाऱ्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइलच्या सुमारे १२ कोटींच्या इश्यूला चारशे पटींहून जास्त मागणी आली, आणि पहिल्या दिवशी शेअर इश्यूच्या भावालाच उघडला. अर्जांची गर्दी म्हणजे नंतरचे खरेदीदार नव्हेत.

आता नागपूरच्या एजंटकडे येऊ. बाजाराबाहेर, माणसामाणसांत होणाऱ्या शेअर व्यवहारासाठी आपल्या देशात एकदा रीतसर व्यवस्था उभी राहिली होती. ओटीसी एक्सचेंज ऑफ इंडिया १९९० मध्ये स्थापन झालं, १९९२ मध्ये सुरू झालं, छोट्या कंपन्यांसाठीच होतं, पण तिथे सौदेच होईनात आणि २०१५ मध्ये त्याची मान्यता संपली. आज जो अनलिस्टेड, म्हणजे बाजारात न आलेल्या, शेअरचा धंदा चालतो त्याला कोणतंही एक्सचेंज नाही. सेबीनं डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अनलिस्टेड शेअरचे व्यवहार घडवणारे ऑनलाइन मंच मान्यताप्राप्त नाहीत. दोन व्यक्तींनी आपसांत असा शेअर घेणं-विकणं बेकायदा नाही, पण वाद झाला तर एक्सचेंजवर जे संरक्षण मिळतं ते इथे नाही. बाजारावर घेतलेला शेअर दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतो आणि समोरचा बुडाला तरी सौदे मिटवणारी बाजाराची संस्था, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, सौदा पुरा करते. इथे तुम्ही आधी पैसे पाठवता आणि मग वाट बघता.

एजंटला भेटाल तेव्हा एक प्रश्न विचारा: ‘आज मी तुमच्याकडून हे शंभर शेअर घेतले आणि आजच परत दिले तर किती द्याल?’ उत्तर कागदावर घ्या. जो म्हणेल की परत घेत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. जो दहा-पंधरा टक्के कमी सांगेल त्यानं निदान त्याचा नफा किती ते तरी सांगितलं.

आणि ‘आयपीओ आला की डबल’ यावर विश्वास ठेवू नका. एचडीबी फायनान्शियलचा शेअर अनलिस्टेड बाजारात बाराशेच्या आसपास विकला जात होता. चांगली, मोठी, नफ्यातली कंपनी. जून २०२५ मध्ये आयपीओ आला तो ७०० ते ७४० रुपयांच्या पट्ट्यात, आणि लिस्टिंग झालं ८३५ च्या आसपास. बाराशेला घेणारे पहिल्याच दिवशी जवळपास तीस टक्क्यांनी खाली. वर आयपीओआधीच्या भागधारकांना वाटप झाल्यापासून सहा महिने शेअर विकता येत नाही, म्हणजे खाली जाताना दिसत असूनही हात बांधलेले. हे उलटही होतं. टाटा टेक्नॉलॉजीजला नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या दिवशी इश्यूच्या दुपटीहून जास्त भाव मिळाला. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: आयपीओचा भाव कंपनी आणि तिचे मर्चंट बँकर ठरवतात, अनलिस्टेड बाजारातल्या भावाशी तो बांधलेला नसतो.

कंपनी कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तपासायची रीत सांगतो. एजंटकडून कंपनीचा सीआयएन नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, मागा. त्याचं पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी लिस्टेड, ‘यू’ असेल तर अनलिस्टेड. पुढे राज्याची दोन अक्षरं आणि स्थापनेचं वर्ष येतं. नंतर ‘पीटीसी’ असेल तर ती प्रायव्हेट लिमिटेड आहे. तिचे शेअर कंपनीच्या नियमावलीतल्या अटींशिवाय हस्तांतरित होत नाहीत आणि तिच्या सभासदांना दोनशेची मर्यादा आहे, म्हणून गावोगाव शेअर विकत फिरणाऱ्या पीटीसी कंपनीपासून लांबच राहा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरलं की त्या कंपनीनं दाखल केलेले ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रं उघडता येतात. एजंटनं दिलेल्या चकचकीत पीडीएफमधला नफा आणि तिथला नफा जुळतो का बघा. शेवटचा ताळेबंद दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर पुढे जायचं कारण नाही.

शेअर जुन्या भागधारकाकडून येतोय की कंपनी नवीन काढून देतेय, हे विचारा. कंपनीच देत असेल तर ते खासगी वाटप झालं. एका आर्थिक वर्षात दोनशेहून जास्त लोकांना ते करता येत नाही, रोख पैसे घेता येत नाहीत, पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात आणि साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत करावे लागतात. तेही न केल्यास बारा टक्के व्याज लागतं. ‘रोख आणा, पावती नंतर देतो’ म्हणणारा माणूस कायद्याबाहेर चालला आहे. जुन्या भागधारकाकडून येत असेल तर शेअर डिमॅटमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच हवेत. ऑक्टोबर २०१८ पासून अनलिस्टेड पब्लिक कंपन्यांच्या शेअरचं हस्तांतर डिमॅटमध्येच होतं. कागदी सर्टिफिकेट हातात ठेवून कोणी पैसे मागत असेल तर ते घेऊ नका.

पैसे तुमच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, आणि बँक खात्यावरचं नाव आणि ज्या डिमॅटमधून शेअर येणार त्यावरचं नाव एकच आहे याची खात्री करा. एजंटच्या भाच्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. पहिल्यांदा अगदी थोडे शेअर घ्या, ते खात्यात येऊ द्या, मगच बाकीचे. आले की नाही हे एजंटच्या ॲपवर बघू नका. डिमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थेचा मेसेज आणि महिन्याचं एकत्रित विवरण, यांत दिसलं तरच आले. आपल्या भागात खोट्या ॲपवर लाखोंचा ‘नफा’ दिसत राहिला आणि डिमॅटमध्ये एकही शेअर नव्हता, अशी माणसं माझ्याकडे रडत आलेली आहेत. तसं झालं तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा, उशीर झाला की पैसा हातोहात पुढे सरकतो. आणि ‘दरमहा तीन टक्के खात्रीनं’ असं कोणी म्हणाला तर तो शेअर विकतच नाही, ठेवी गोळा करतोय. अशांसाठी राज्यात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, तक्रार पोलिसांत जाते.

कराचं थोडक्यात. लिस्टेड शेअर वर्षावर ठेवला तर वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आधी विकला तर वीस. अनलिस्टेडला दीर्घ मुदत दोन वर्षांनंतर धरतात, दर साडेबाराच, पण सव्वा लाखाची सूट नाही. दोन वर्षांच्या आत विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. अनलिस्टेड शेअर नुसता जवळ असला तरी साधा आयटीआर-१ चालत नाही, त्याची माहिती विवरणपत्रात द्यावी लागते. तुमच्या सीएला खरेदीच्या वर्षीच सांगून ठेवा.

पुतण्याला सांगा की अमेरिकेतल्या ओटीसी बाजाराचा नाद सोडावा. डॉलर पाठवायला रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा पुरेशी आहे, अडचण ती नाही. तिथल्या नियामकानंच सप्टेंबर २०२१ पासून, ज्या कंपन्यांची ताजी माहिती उपलब्ध नाही त्यांचे भाव दलालांना सर्वसाधारणपणे जाहीर करता येणार नाहीत, असा नियम लागू केला, इतकी तिथली परिस्थिती बिकट होती. वणीत बसून टेक्सासमधला कारखाना बघता येत नाही.

तुमच्या आठ लाखांचं मी काय केलं असतं? सहा लाख बँकेत आणि साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात. उरलेल्या दोन लाखांत तीन किंवा चार लिस्टेड छोट्या कंपन्या, प्रत्येकीचा अहवाल वाचून, एक-दोन तरी जाऊन बघता येतील अशा, आणि वर सांगितलेल्या हिशेबानं चांगल्या काळात आठवडाभरात विकता येतील एवढेच शेअर. ते दोन लाख पाच वर्षं लागणार नाहीत असं घरात बायकोशी बोलून ठरवायचं. अनलिस्टेड शेअर मी आत्ता घेणार नाही. एजंट म्हणेल ‘सोमवारपर्यंतच हा भाव आहे’. तसं तो मागच्या सोमवारीही कुणाला तरी म्हणाला असणार.

राहिला शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रश्न. ते शेअर बाजारात विकले जात नाहीत आणि कधी जाणारही नाहीत, कायद्यानंच तशी रचना आहे. संचालक मंडळाच्या आधीच्या मंजुरीनं ते फक्त दुसऱ्या सक्रिय सभासदाला, दर्शनी किमतीला देता येतात. त्यातला फायदा भाववाढीचा नसतो. माल कंपनीला दिला त्या प्रमाणात बोनस आणि सभासद म्हणून मिळणाऱ्या सोयी, हा असतो. वडील अजून कापूस किंवा तूर तिथे देत असतील तर शेअर राहू द्या. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत नॉमिनीचं नाव द्यायचं असतं, ते बऱ्याच जणांनी दिलेलं नसतं. कंपनीच्या कार्यालयात जाऊन रजिस्टरमध्ये कुणाचं नाव आहे ते बघा, नसेल तर वडिलांना सोबत नेऊन तुमचं लावून घ्या. तुम्ही स्वतः शेती करणार असाल तर पुढे सभासदत्व तुमच्याकडे येईल. शेती सुटली असेल तर मंडळ शेअर परत करायला सांगतं.